निष्ठा, सवय आणि बारीक पिनचा चार्जर

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी नवा फोन टेबलावर ठेवतो आणि चहा निवेपर्यंत वाद रंगतो. एक जण म्हणतो, "दहा वर्षे याच कंपनीचा वापरतोय, कधी दगा दिला नाही." दुसरा म्हणतो, "तेवढ्याच पैशांत त्या कंपनीच्या फोनला कितीतरी चांगला कॅमेरा मिळतो." तिसरा सुचवतो, "थोडे थांबा, पुढचे मॉडेल येतेच आहे." घंटा होते आणि प्रत्येक जण आपापले मत जसेच्या तसे घेऊन वर्गावर जातो.

पंख्याबद्दल किंवा मिक्सरबद्दल कोणी इतक्या हिरिरीने भांडत नाही. फोनबद्दल मात्र भांडतात, आणि त्याला आपण 'निष्ठा' म्हणतो. हा शब्द फार ऐसपैस आहे. त्यात चांगला अनुभव येतो, हाताची सवय येते, आपली निवड बरोबरच होती हे स्वतःला पटवून देणे येते आणि 'सोडून जायचे तर फार खटाटोप' हा नाइलाजही येतो. बाहेरून पाहणाऱ्याला या चारही गोष्टी सारख्याच दिसतात, कारण चौघेही पुन्हा त्याच कंपनीचा फोन घेतात. मग त्या वेगळ्या कशा ओळखायच्या? मोबाइल फोनच्या अलीकडच्या इतिहासात याचे उत्तर सापडते.

अंगठ्याला पाठ झालेला फोन

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइल फोन लावला. भारतातील मोबाइल सेवेची ही सुरुवात मानली जाते. त्या वेळी वापरलेला फोन नोकिया या फिनलंडच्या कंपनीचा होता. १८६५ साली कागदाच्या लगद्याच्या गिरणीपासून सुरू झालेली ही कंपनी १९९८ साली मोबाइल फोन विकणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी बनली आणि २०१२ पर्यंत तिने ते स्थान टिकवले.

यात नशिबाचा भाग थोडा आणि कष्टाचा मोठा होता. २००३ साली आलेला 'नोकिया ११००' आठवून पाहा. वर छोटी टॉर्च, धूळ आत जाऊ नये म्हणून बटणांवर सलग रबरी आवरण, घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून खरबरीत कडा. आपल्यासारख्या देशांतील उन्हाचा, धुळीचा आणि भारनियमनाचा विचार करून तो बनवला होता. जगभर असे २५ कोटींहून अधिक फोन विकले गेले. या अनुभवातून जी निष्ठा निर्माण झाली, ती रास्तच होती.

पण तिच्या जोडीने आणखी दोन गोष्टी वाढत होत्या. पहिली सवय. कोणती बटणे दाबली की कुलूप उघडते, संदेश कुठे सापडतात, हे अंगठ्याला पाठ झाले होते. दुसऱ्या कंपनीचा फोन हातात घेतला की माणूस पुन्हा पहिलीत बसल्यासारखा चाचपडायचा. दुसरी गोष्ट चार्जरची. नोकियाचा चार्जर आधी जाड पिनचा होता, पुढे बारीक पिनचा आला. "बारीक पिनचा चार्जर आहे का हो?" हा प्रश्न एसटीच्या कॅन्टीनपासून लग्नाच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे ऐकू यायचा, आणि बहुधा कोणाकडे तरी तो असायचाच. घरातल्या तीन फोनना एक चार्जर पुरत असेल, तर चौथा फोन दुसऱ्या कंपनीचा घेण्यात काय शहाणपण? एखादी वस्तू जितके जास्त लोक वापरतात, तितकी ती वापरणे सोयीचे होते. अर्थशास्त्रात याला जाळ्याचा परिणाम म्हणतात. ग्राहकाच्या मनात काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो.

तक्त्यात न मावलेला रकाना

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी ॲपल कंपनीचा आयफोन जगाला दाखवला. त्याच वर्षी नोकियाचा एन-९५ बाजारात आला होता. तेव्हाच्या एखाद्या नोकियाप्रेमीने दोन्ही फोनांचा तक्ता मांडला असता, तर तो असा दिसला असता. कॅमेरा: नोकियाचा ५ मेगापिक्सेलचा, आयफोनचा २ मेगापिक्सेलचा. चलतचित्रण: नोकियात आहे, आयफोनमध्ये नाही. तिसऱ्या पिढीचे जाळे म्हणजे थ्री-जी: नोकियात आहे, आयफोनमध्ये नाही. उपग्रहांच्या मदतीने आपले ठिकाण शोधणारी जीपीएस यंत्रणा: पुन्हा तेच. बाहेरचे प्रोग्रॅम नोकियावर बसवता येत होते, आयफोनवर नाही. त्याचे ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडले. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवण्याची साधी सोयही आयफोनमध्ये २००९ पर्यंत नव्हती.

म्हणजे तक्ता पाहून नोकियाला चिकटून राहणारा माणूस आंधळा नव्हता. त्याच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा बरोबर होता. चूक होती ती रकान्यांत. जी गोष्ट पुढे निर्णायक ठरणार होती, तिच्यासाठी त्यात रकानाच नव्हता. ती गोष्ट म्हणजे बोटाने थेट पडदा हाताळणे.

इथे थोडे विज्ञान पाहू. स्पर्शाने चालणारे पडदे आयफोनच्या आधीही होते. पण अनेक फोनांत ते रोधावर चालणारे असत. त्यात वीज वाहून नेणारे दोन पातळ पारदर्शक थर एकमेकांपासून किंचित दूर ठेवलेले असतात. दाब दिला की वरचा थर खालच्याला टेकतो आणि त्या जागेचे विद्युतदाब मोजून बोट कुठे आहे ते कळते. नख, काडी, पेनाचे टोपण, काहीही चालते. पण दाबावे लागते आणि साधारणपणे एका वेळी एकच स्पर्श कळतो. आयफोनचा पडदा विद्युतधारितेवर चालतो. काचेखाली पारदर्शक वाहकांची उभी-आडवी जाळी असते. आपले शरीर विजेचे वाहक असल्याने बोट जवळ येताच तिथल्या विद्युतक्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो आणि जाळीच्या त्या छेदबिंदूपाशी धारिता बदलते. दाबण्याची गरज नाही, आणि अनेक छेदबिंदू स्वतंत्रपणे मोजता येत असल्याने दोन बोटांनी चित्र लहानमोठे करता येते. ही कल्पनाही नवी नव्हती. ब्रिटनमधील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच विमानवाहतूक नियंत्रणासाठी अशा पडद्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते.

२००८ साली नोकियाने आपला '५८००' हा स्पर्शपडद्याचा फोन आणला, पण तो रोधावर चालणारा होता. तक्त्यात 'स्पर्शपडदा: आहे' अशी नोंद झाली. बोटाला मात्र फरक लगेच कळत होता.

थांबावे की जावे?

२००८ च्या अखेरीस गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवरचा पहिला फोन आला आणि थोड्याच वर्षांत अनेक कंपन्या त्या प्रणालीवर स्वस्त-महाग सर्व प्रकारचे फोन काढू लागल्या. नोकियाप्रेमींसमोर आता खरा पेच होता. पुढचे मॉडेल येईपर्यंत थांबायचे की जायचे?

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांचे कर्मचाऱ्यांना लिहिलेले पत्र बाहेर फुटले. पेटलेल्या तेलफलाटावर उभ्या असलेल्या आणि जीव वाचवण्यासाठी थंडगार समुद्रात उडी मारणाऱ्या माणसाची गोष्ट त्यात होती. काही दिवसांतच कंपनीने आपली जुनी सिम्बियन प्रणाली मागे टाकून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली स्वीकारत असल्याचे जाहीर केले. नवे फोन यायला अवकाश होता आणि जुन्यांना भविष्य नाही हे कंपनीनेच सांगून टाकले होते. सिम्बियन फोनांची विक्री झपाट्याने घसरली.

तरीही काही जण थांबले. २०११ च्या अखेरीस आलेले विंडोजवरचे 'ल्युमिया' फोन त्यांनी घेतले. जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की प्रणालीची पुढची आवृत्ती आहे त्या फोनांवर चालणार नाही. सर्वांत आधी विश्वास टाकणाऱ्यांच्याच हातातले फोन काही महिन्यांत जुने ठरले. सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियाने आपला फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकण्याचा करार केला. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथे २००६ साली सुरू झालेल्या कारखान्यात नोव्हेंबर २०१४ पासून फोन बनणे थांबले. तिथल्या कामगारांच्या दृष्टीने हा आवडीनिवडीचा नव्हे, पोटाचा प्रश्न होता.

मनाची वकिली

मग इतके दिवस माणसे का थांबतात? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९५६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्त्रियांना घरगुती वापराच्या आठ वस्तू दाखवून प्रत्येकीला गुण द्यायला सांगितले. मग त्यांतल्या दोन वस्तूंपैकी एक निवडून घ्यायला सांगितली आणि पुन्हा गुण द्यायला लावले. दुसऱ्या वेळी निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले आणि नाकारलेलीचे घटले. दोन वस्तू तोडीस तोड असतील तर हा फरक अधिकच दिसे. निवड कठीण असते तेव्हा मन नंतर आपल्याच निकालाची वकिली करते, असा याचा अर्थ लावला गेला.

या निष्कर्षावर पुढे, २०१० साली, एक मार्मिक आक्षेप आला. कीथ चेन आणि जेन रायझन यांनी दाखवले, की पहिल्या वेळचे गुण थोडे अंदाजपंचेच असतात. खरी आवड निवडीतून अधिक स्पष्ट होते. त्यामुळे निवडीने आवड मुळीच बदलली नसली, तरी दुसऱ्या वेळी गुण बदललेले दिसू शकतात. मग निवडीमुळे आवड वाढली हे सिद्ध कसे करणार? त्याच वर्षी टॅली शॅरट आणि सहकाऱ्यांनी तोडगा काढला. सहलीच्या ठिकाणांची नावे न दिसताच लोकांना 'निवड' करायला लावली. इथे आधीच्या आवडीचा प्रश्नच नव्हता. तरीही आपण निवडले असे वाटलेले ठिकाण नंतर लोकांना अधिक आवडले. निवड संगणकाने केली तेव्हा तसे झाले नाही. म्हणजे वकिली खरी आहे. फक्त ती पकडायला प्रयोग काळजीपूर्वक रचावा लागतो.

दार उघडले तेव्हा

आता राहिला नाइलाज. तो ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे बाहेर जायचे दार उघडून पाहणे, आणि इतिहासात असे दार अनेकदा उघडले आहे. कॅनडाच्या ब्लॅकबेरी फोनांवर २००५ पासून निरोप पाठवण्याची एक सेवा होती, पण ती फक्त ब्लॅकबेरीधारकांतच चाले. मित्रमंडळी तिथे, म्हणून आपणही तिथे. मग कोणत्याही कंपनीच्या फोनवर चालणारे व्हॉट्सॲप आले आणि मंडळी तिकडे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ब्लॅकबेरीनेही आपली सेवा इतर फोनांसाठी खुली केली, पण तोवर उशीर झाला होता. मंडळी एका फोनशी नव्हे, एकमेकांशी बांधलेली होती.

आपल्याकडे २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून मोबाइल सेवा देणारी कंपनी बदलता येऊ लागली. तोवर नंबर जाईल या भीतीने कितीतरी जण नाराज असूनही जागचे हलत नव्हते. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना यूएसबी-सी हेच चार्जिंगचे तोंड बंधनकारक केले. ॲपलने सप्टेंबर २०२३ मध्येच, आयफोन १५ पासून, ते स्वीकारले होते. बारीक पिनेचा प्रश्न असा जवळजवळ वीस वर्षांनी मार्गी लागला. व्हॉट्सॲपवरच्या जुन्या गप्पा आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यामध्ये हलवण्याची अधिकृत सोय तर २०२१ आणि २०२२ साली आली.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात निष्ठेची एक चांगली बाजू दाखवली आहे. निष्ठावान ग्राहक निघून जाण्याआधी तक्रार करतो आणि कंपनीला सुधारायला वेळ देतो. पण त्या तक्रारीला वजन येते ते जाण्याची वाट मोकळी असेल तरच. ज्याला जाताच येत नाही, त्याचे ऐकायची घाई कोणाला असते?

वर्गात करून पाहण्यासारखे

नववी-दहावीच्या मुलांना एक यादी करायला सांगा: घरातला फोन बदलायचा झाला तर काय काय सोडावे लागेल? फोटो, गप्पा, चार्जर, विकत घेतलेले खेळ, हाताची सवय. मग विचारा, हे सगळे एका मिनिटात नव्या फोनवर गेले, तर कोणता घ्याल? उत्तर तेच राहिले, तर त्याचे कारण फोनच्या गुणांत किंवा मनाच्या वकिलीत शोधावे लागेल. बदलले, तर नाइलाज किती होता ते कळेल. त्यानंतर दोन फोनांचे गुण कंपनीचे नाव झाकून फळ्यावर लिहा आणि पुन्हा मत घ्या. शेवटी एक रिकामा रकाना मुद्दाम सोडा आणि त्यात काय लिहायचे राहिले असेल, यावर मुलांना बोलू द्या.

बोट, नख, पेनाचे टोपण आणि हातात धरलेले सोललेले केळे यांपैकी कशाने पडदा चालतो, हेही जमले तर करून पाहा. केळे चालते. का चालते, ते मुलांनाच शोधू द्या. पडदा मात्र नंतर पुसून ठेवा.