पंडारम : लक्षद्वीपातील जमिनीची एक जुनी गोष्ट

जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांची लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरील छायाचित्रे प्रसिद्ध झाली. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यांवर अनुदार शेरे मारले आणि मग आठवडाभर देशात दुसरा विषय उरला नाही. आमच्या परिचयातील काहींनी मालदीवचा बेत रद्द करून लक्षद्वीपची चौकशी आरंभली. आपल्याच देशात इतके निळे पाणी असताना परक्याच्या दारी का जावे, असा त्यांचा सवाल होता. सवाल गैर नाही. मात्र तिथे परवाना लागतो, जाण्याची साधने मोजकी आहेत आणि राहण्याच्या जागा त्याहून मोजक्या, हे कळल्यावर त्यांतील एकाने वैतागून विचारले, "सरकार तिथे मोठी हॉटेले का बांधत नाही?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही पर्यटनाकडून इतिहासाकडे वळलो. तेथे जे सापडले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम भूगोल. लक्षद्वीप हे नाव भव्य असले तरी सरकारी मोजणीने ही 36 बेटे आहेत, आणि वस्ती त्यांतील 10 बेटांवर. सर्वांची मिळून जमीन सुमारे 32 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत येथील लोकसंख्या 64,473 होती, म्हणजे चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक माणसे. 'अस्पर्श', 'रिकामी' ही विशेषणे छायाचित्रांना शोभतात, या आकड्यांना नाही. नदी नाही, डोंगर नाही. पावसाचे पाणी प्रवाळाच्या वाळूत झिरपते आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर, हलके असल्यामुळे, पातळ थरासारखे तरंगत राहते. विहिरीतून येते ते हे पाणी. उपसा वाढला की थर आटतो आणि खालचे खारे पाणी वर येते. बेटावर किती माणसांनी राहावे, याचा निर्णय शेवटी हा थर करतो.

आता इतिहास. मध्ययुगात ही बेटे कोलत्तिरी राजांकडून कण्णूरच्या अरक्कल घराण्याकडे आली. केरळातील हे एकमेव मुस्लिम राजघराणे, आणि तेही मातृवंशीय. गादीवर पुरुष असेल तर तो अली राजा, स्त्री असेल तर ती अरक्कल बीबी. बेटावरची प्रजाही मुस्लिम आणि मातृवंशीय होती, आजही आहे. तिच्या मालमत्तेचे दोन प्रकार मोठे मनोवेधक आहेत. वडिलोपार्जित, आईच्या वंशाकडून आलेली, घराण्याची सामाईक मालमत्ता ती 'शुक्रवारची', आणि स्वकष्टार्जित ती 'सोमवारची'. शुक्रवारची मालमत्ता एकट्याने विकायची नाही, तिच्यावर घरातील लेकीबाळींच्या पुढच्या पिढ्यांचाही हक्क. जमीन ही खरेदीविक्रीची वस्तू नव्हे, ही समजूत या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

राजसत्तेची समजूत निराळी होती. अरक्कल घराण्याच्या अमलाखालील बेटांवर वस्तीबाहेरची जमीन आणि काही निर्मनुष्य बेटे राजाच्या खजिन्याची मानली जात. अशा जमिनीस 'पंडारम' म्हणत. हा शब्द आपल्याला परका वाटू नये. संस्कृत भांडागारापासून निघालेल्या आपल्या 'भांडारा'चेच ते मल्याळी रूप. पुढे ही जमीन माड लावण्यासाठी बेटवासीयांना कराराने देण्यात आली. त्या कराराचे नावही मराठी इतिहासाच्या वाचकास चांगले ठाऊक आहे : 'कौल'. आपल्याकडे ओसाड गावे पुन्हा वसवण्यासाठी रयतेला कौल दिला जाई, तसाच प्रकार. नाव खजिन्याचे, घाम रयतेचा.

खजिन्याची भूक जमिनीवर भागली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अली राजाने काथ्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. नारळाची सोडणे महिनोन्महिने पाण्यात कुजवून, बडवून, त्यांतून काथ्या काढून दोर वळणे, हे येथील स्त्रियांचे काम आणि बेटाचे मुख्य उत्पन्न. तो माल ठरल्या भावाने राजालाच विकायचा. बेटावर भात पिकत नाही, त्यामुळे मोबदल्याचा तांदूळही त्याच हातून यायचा. घेणारा एक, देणारा तोच. अमिनी गटातील बेटांनी या जाचाला कंटाळून 1780 च्या दशकात टिपू सुलतानाचा आश्रय घेतला. 1799 मध्ये टिपू पडला आणि ती बेटे कंपनीकडे गेली. मक्ता मात्र बेटवासीयांच्या मानेवरून उतरला नाही. फक्त मालक बदलला.

उरलेली बेटे कशी गेली, ही कथा अधिक बोलकी आहे. 1847 मध्ये प्रचंड वादळ झाले आणि अँड्रोथ व कल्पेनी या बेटांची दैना उडाली. राजा मदतीस निघाला, सोबत विल्यम रॉबिन्सन हा कंपनीचा अधिकारी होता. मदत पुरेना, तेव्हा कंपनीने राजास कर्ज देऊ केले. कर्जावर व्याज चढले, राजाला ते फेडता आले नाही, आणि 1854 मध्ये बेटे कारभारासाठी कंपनीच्या ताब्यात गेली. मध्यंतरी काही वर्षे ती घराण्याकडे परतली, पण 1875 मध्ये पुन्हा ताब्यात घेण्यात आली. ज्यांची घरे वादळात गेली होती, त्यांना या साऱ्या व्यवहारात कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. 1956 मध्ये बेटे केंद्रशासित झाली, 1964 मध्ये कारभार कोझिकोडहून कवरत्तीस आला. स्थानिकांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, बाहेरच्यांस जमीन घेण्यास बंदी आली, प्रवेशासाठी परवाना आला. 1965 च्या विनियमाने आपले कौलाचे हक्क मान्य झाले, अशी पंडारम जमीन कसणाऱ्यांची धारणा आहे. पर्यटनही आले, पण बेताने. बंगारम या निर्मनुष्य बेटावर पाहुण्यांची सोय झाली, आणि मद्याची मुभाही तेवढ्यापुरतीच ठेवली गेली. 1988 मध्ये अगत्तीस धावपट्टी झाली. अगत्तीच्याच एका खासगी रिसॉर्टचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 2012 मध्ये न्यायालयाने न्या. रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. बेटांच्या सहनशक्तीचा हिशेब धरून आणि लोकनियुक्त पंचायतींना सोबत घेऊन विकास व्हावा, असा त्या समितीचा रोख होता.

यानंतरचा वेग निराळा आहे. केंद्राच्या द्वीपविकास योजनेत मिनिकॉय, कदमत व सुहेली येथे पाण्यावरील कुटीरांसह मोठी रिसॉर्टे योजण्यात आली. जानेवारी 2023 मध्ये मुंबईच्या इंडियन हॉटेल्स कंपनीने सुहेली व कदमत येथे प्रत्येकी 110 खोल्यांची ताज रिसॉर्टे जाहीर केली. 2021 मध्ये विकास प्राधिकरणाच्या मसुद्यातील जमीन घेण्याच्या तरतुदींविरुद्ध बेटांवर उपोषण झाले. जून 2024 मध्ये प्रशासनाने पंडारम जमिनींची मोजणी हाती घेतली. या जमिनी सरकारच्या आहेत, असे प्रशासनाचे म्हणणे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्या कसतो, असे लोकांचे. वाद केरळ उच्च न्यायालयात गेला. अली राजाच्या खजिन्याचे नाव अशा रीतीने एकविसाव्या शतकातील कागदावर पुन्हा उमटले.

रिसॉर्टच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. काथ्याला पूर्वीचा भाव नाही, सरकारी नोकऱ्या किती पुरणार, शिकलेल्या मुलांनी कोचीलाच जायचे काय? पाणी समुद्राचे गोडे करता येते. 2005 पासून कवरत्तीत रोज एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प आहे. आणि सुहेलीवर तर कोणी राहत नाही.

यातला शेवटचा मुद्दा आम्हास सर्वांत घातक वाटतो. सुहेलीवर कायमची वस्ती नाही, हे खरे. पण कवरत्तीचे लोक हंगामात तेथे मासेमारीस व नारळासाठी जातात, मुक्काम करतात. 'निर्मनुष्य' आणि 'निरुपयोगी' हे दोन शब्द एक नव्हेत. येथील टुना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, गळाच्या काठीने धरतात. त्यासाठी प्रवाळभिंतीच्या आतील उथळ पाण्यात बारीक मासळी पकडून जिवंत ठेवतात, आणि खोल समुद्रात ती फेकून टुनाला वर आणतात. ती बारीक मासळी प्रवाळाच्या आश्रयाने वाढते. पाण्यावरील कुटीर ज्या उथळ पाण्यात खांब रोवून उभे राहायचे, ते हेच पाणी. त्यात 1998, 2010 व 2016 च्या उष्णतेने प्रवाळ पांढरे पडले, आणि 2024 मध्ये पुन्हा तेच झाले. 1998 ते 2022 या काळात जिवंत प्रवाळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. बेटास समुद्रापासून राखणारी भिंत ती हीच. बंगारमजवळचे पराली हे चिमुकले बेट धुपून नाहीसे झाल्याची नोंद 2017 मध्ये झाली. मालदीवचा दाखला दिला जातो, पण तिथे हजारावर बेटे आहेत आणि त्यांतील बहुतेक निर्मनुष्य. 1972 मध्ये पहिले रिसॉर्ट उघडले तेव्हा चूक करण्यासही त्यांच्यापाशी जागा होती. लक्षद्वीपापाशी ती नाही.

मग उत्तर काय? पाहुणे येऊच नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. घरात पंखा लावून बसलेल्या आमच्यासारख्यांनी दुसऱ्यास साधेपणाचा उपदेश करणे शोभत नाही. परंतु सोय किती खोल्यांची, हे विहिरीने आणि प्रवाळाने ठरवावे. जमीन कोणाची, हे जुन्या खजिन्याच्या वहीवरून ठरू नये. आणि घर बांधून चार पाहुणे ठेवणे जर बेटावरच्या कुटुंबालाच जमत असेल, तर पहिला हक्क त्याचा असावा. सोमवारची कमाई त्यांनीही करावी. ती करताना शुक्रवारची मालमत्ता जाऊ नये, एवढेच.

अली राजाने काथ्या नेला, कंपनीने वादळाचे व्याज लावून बेटे नेली. दोघांनीही आपण बेटांचे भले करीत आहोत, असेच म्हटले असणार. वैतागलेल्या त्या स्नेह्यास आम्ही हा इतिहास सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "म्हणजे परवाना लागतो ते बरेच आहे म्हणायचे."