हॅम्बुर्गच्या पोकळ भिंती

उद्या ऑफिसला गेलात की एक गोष्ट करून बघा. मीटिंग रूमच्या भिंतीवर बोट वाकवून टकटक करा. बहुधा पोकळ आवाज येईल. जर्मनीत असाल तर शेजारचा सहकारी सांगेल, 'रिगिप्स' आहे. म्हणजे पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर दोन्ही बाजूंनी स्क्रूने बसवलेले जिप्समचे बोर्ड. मग जिन्यात जा आणि तिथल्या भिंतीवर तशीच टकटक करा. तिथे फक्त बोट दुखेल.

पॉडकास्टमध्ये गप्पा मारताना हा विषय आम्ही दोन मिनिटांत उरकला होता. पण त्या दोन आवाजांच्या मागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा एकाच शहरात घडलेला आहे. शिवाय तुमच्यापैकी काहींवर हा प्रसंग येतोच: टीम वाढली, शेजारचा गाळा रिकामा झाला, आणि बॉस म्हणाला, "मधली भिंत पाडू, किती दिवस लागतील?" तेव्हा हे वाचलेलं कामाला येईल.

जुन्या हॅम्बुर्गमधला व्यापारी एकाच घरात राहायचा, हिशेब लिहायचा आणि माल साठवायचा. डाइशश्ट्रासे नावाच्या गल्लीत अशी काही घरं अजून उभी आहेत. पुढे रस्ता, मागे कालवा; कालव्यातून होडी यायची आणि कप्पीने माल माळ्यावर चढायचा. आपल्याकडच्या पेठेतल्या घरासारखंच: खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागे कोठार. अशा घरातली भिंत हलवायचा प्रश्नच नव्हता, कारण घरही त्याचं आणि भिंतही त्याचीच.

ही घडी १८८८ मध्ये मोडली. त्या वर्षी हॅम्बुर्ग जर्मन साम्राज्याच्या जकात क्षेत्रात सामील झालं आणि त्या बदल्यात शहराला एक मुक्त बंदर मिळालं. तिथे माल जकात न भरता ठेवता येई. त्यासाठी श्पाइशरश्टाट हे लाल विटांच्या गोदामांचं अख्खं शहर उभं राहिलं. त्या जागेवर आधी वस्ती होती. सुमारे २०,००० लोकांना तिथून उठवलं गेलं. आज पर्यटक तिथे कालव्यांचे फोटो काढतात तेव्हा ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

माल गोदामात गेला. पैसेवाल्या व्यापाऱ्याचं कुटुंब उपनगरातल्या बंगल्यात गेलं. शहराच्या मध्यात उरला फक्त हिशेबाचा भाग, म्हणजे कोंटोर. आपल्या पेढीला जवळचा शब्द. आणि नुसत्या पेढ्यांसाठी बांधलेली इमारत म्हणजे कोंटोरहाउस.

यातलं पहिलं मानलं जातं ते डोव्हेनहोफ, १८८५-८६ मधलं. पैसा हाइनरिश ओहलेनडोर्फ या ग्वानोच्या, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेपासून मिळणाऱ्या खताच्या, व्यापाऱ्याचा. आर्किटेक्ट मार्टिन हालर. हालरपुढचा प्रश्न त्या काळात नवा होता. तोवर इमारत बांधायची ती कुणासाठी तरी: या कुटुंबासाठी, त्या बँकेसाठी. इथे राहणारा कोण हेच माहीत नव्हतं. कॉफीचा दलाल येईल, विमा एजंट येईल, जहाज कंपनी येईल. कुणाला दोन खोल्या लागतील, कुणाला अर्धा मजला. आणि पाच वर्षांनी तो जाऊन दुसराच कुणी येईल.

डोव्हेनहोफ आणि त्यानंतरच्या कोंटोरहाउसांनी यावर काढलेला तोडगा असा: इमारतीचे दोन भाग करायचे, कायमचे आणि तात्पुरते. जिना, लिफ्ट, संडास, प्रवेशाचं दालन, बाहेरच्या भिंती आणि आतले खांब हे कायमचे. सगळा भार त्यांच्यावर. उरलेली जागा मोकळी सोडायची आणि भाडेकरू येईल तशा हलक्या आडभिंती घालायच्या. त्या भिंतींवर काहीच टेकलेलं नसल्यामुळे त्या काढल्या तरी वरचा मजला हलत नाही. तुमच्या मीटिंग रूमच्या पोकळ आवाजाची ही पणजी!

कायमच्या भागावर मात्र मालक हात सैल सोडून खर्च करायचे, कारण भाडेकरू भाडं भरत होता ते पत्त्यासाठी आणि दारातल्या रुबाबासाठी. डोव्हेनहोफमध्ये स्वतःची वीज होती आणि युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली पाटेरनोस्टर लिफ्टही होती. पाटेरनोस्टर पाहिली नसेल तर सांगतो. दारं नसलेल्या छोट्या खोक्यांची ती माळ असते. न थांबता एका बाजूने वर जाते, दुसऱ्या बाजूने खाली येते. चालत्या खोक्यात पाय टाकायचा, मजला आला की बाहेर पडायचं. मुंबईची लोकल पकडलेल्या माणसाला दोन मिनिटांत जमतं. डोव्हेनहोफ १९६७ मध्ये पाडलं, पण हालरच्याच लाइसहोफमध्ये ही लिफ्ट अजून आहे.

मग आला कॉलरा. १८९२ च्या साथीत हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांहून जास्त माणसं मेली. सरकारने रॉबर्ट कॉख यांना पाठवलं. हे तेच कॉख, ज्यांनी आठ वर्षांपूर्वी कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू ओळखला होता. गरिबांच्या दाटीच्या गल्ल्या पाडायच्या असं शहराने ठरवलं. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाट वस्त्यांतून नवे रस्ते काढले गेले, ते आठवा. दोन बंदरं, दोन साथी, आणि दोन्हीकडे साफसफाईच्या नावाखाली गरिबांना जागा सोडावी लागली. फरक एवढाच, की हॅम्बुर्गच्या जुन्या शहराच्या दक्षिण भागात घरांच्या जागी पुन्हा घरं न बांधता ऑफिसं बांधली.

त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध चिलेहाउस. चिलीतल्या सॉल्टपीटरवर गब्बर झालेल्या हेन्री स्लोमनने फ्रित्स ह्योगरकडून १९२२ ते १९२४ मध्ये ते बांधून घेतलं. म्हणजे पावाच्या लादीसाठी नोटांचे गठ्ठे मोजावे लागत होते, त्या काळात. ४८ लाख विटा, दहा मजले, आणि पूर्वेकडचं टोक जहाजाच्या नाळेसारखं. फोटो सगळे त्या टोकाचे काढतात. मी म्हणेन, बाजूला जा आणि खिडक्या बघा. सुमारे २,८०० खिडक्या, सगळ्या अरुंद, ठरावीक अंतरावर, आणि दोन खिडक्यांच्या मध्ये विटांचा उभा पट्टा. आम्ही हे कितीतरी दिवस निव्वळ सौंदर्य समजत होतो. त्यात हिशेबही आहे. आडभिंत बाहेरच्या भिंतीला कुठे भिडवायची? खिडकीच्या मधोमध आली तर काचेचे दोन तुकडे होतात. खिडक्या अरुंद आणि पट्टे जवळजवळ असले की दर काही पावलांवर भिंत टेकवायला जागा मिळते. आजच्या जर्मन ऑफिसांत हेच अंतर बहुतेकदा १.३५ मीटर असतं. दोन अंतरांची खोली एका माणसाची, तीन अंतरांची दोघांची. तुमच्या केबिनची रुंदी २.७० मीटरच्या आसपास भरली तर ती कुठून आली हे आता कळलं.

आता बॉसच्या प्रश्नाकडे येऊ. समजा चौथ्या मजल्यावर तीन भाडेकरू आहेत: एक कर सल्लागार, एक मालवाहतुकीची कंपनी आणि तुम्ही. मालवाहतूकवाले गेले, त्यांची जागा तुम्ही घेतलीत. भिंत पोकळ आहे, एका दिवसात पडेल. पण ती कोणती भिंत आहे? तुमच्याच गाळ्यातली असेल तर ती नुसती आडभिंत. दोन भाडेकरूंच्या मधली असेल तर ती आग अडवण्यासाठी घातलेली असते. एकाकडे लागलेली आग दुसऱ्याकडे ठरावीक वेळ जाऊ नये म्हणून. आवाज दोन्हींचा पोकळच येईल, बरं का! फरक आतल्या बोर्डांत आणि कागदपत्रांत असतो. ती पाडली तर दोन गाळ्यांचा एक गाळा होतो. आणि जर्मनीतल्या बहुतेक राज्यांच्या बांधकाम नियमांत ऑफिसचा एक गाळा ४०० चौरस मीटरच्या आत असेल तर आतला पॅसेज आगीपासून सुरक्षित बांधायची सक्ती नसते. तुमचे आधीचे २५० आणि नवे २०० मिळून झाले ४५०. म्हणजे एक भिंत पाडण्यासाठी दोन नव्या बांधाव्या लागू शकतात. गाळा कितीही मोठा असो, बाहेर पडायला दोन स्वतंत्र वाटा हव्यातच. आणि त्यातली एक आजवर मालवाहतूकवाल्यांच्या पॅसेजमधून कर सल्लागाराला मिळत असेल, तर तुमच्या भिंतीचा प्रश्न त्याचाही होतो.

त्यात कामाची खोली काही अपवाद सोडता बाहेरचं दिसेल अशी हवी, म्हणून मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात कुणाला बसवता येत नाही. कंपनीत कामगार प्रतिनिधींची समिती असेल तर नकाशा ठरत असतानाच तिला सांगावं लागतं, भिंत उभी राहिल्यावर नाही. इमारत संरक्षित स्मारक असेल तर आतल्या बदलांसाठीही स्मारक खात्याची परवानगी. आणि शेवटचा, सगळ्यात जर्मन नियम: र्‍यूकबाउ. करारात वेगळं ठरलं नसेल तर जाताना भाडेकरूने आपण केलेले बदल काढून जागा पूर्ववत करून द्यायची. तुम्ही भिंत हलवता, पण तुमची खूण मागे ठेवायची नाही.

(पाटेरनोस्टरवरही नियमांची नजर गेली होती. जून २०१५ मध्ये आदेश निघाला की प्रशिक्षण घेतलेल्यांनीच त्यात चढावं. लोकांनी एवढी टर उडवली की काही आठवड्यांत तो सैल करावा लागला.)

हे सगळं फार काटेकोर वाटत असेल तर मुंबईत काळा घोड्याला जाऊन एस्प्लनेड मॅन्शन बघा, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकाच्या अखेरीची ही इमारत. तिचे ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये बनवून जहाजाने आणले. खांबांवर उभा सांगाडा आणि आत हव्या तशा भिंती, ही कल्पना इथे डोव्हेनहोफच्या आधी होती! ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. पुढे हॉटेल बंद पडलं, आतल्या जागेचे तुकडे झाले, आणि हायकोर्ट जवळ म्हणून वकिलांची ऑफिसं भरली. आडभिंती इथेही पडत-उठत राहिल्या, फक्त अख्ख्या इमारतीचा एक नकाशा समोर ठेवून कुणी बसलं नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि एवढ्या भाड्यात मिळालेली जागा भाडेकरू सोडेना. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला, २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली.

पण म्हणून हॅम्बुर्गची रीत शहाणी आणि मुंबईची वेडी, असं मला म्हणायचं नाही. पागडीच्या गाळ्यात भाडेकरू तीन पिढ्या राहतो. आधी इथे कोण होतं हे जिन्यातला चहावालासुद्धा सांगतो. हॅम्बुर्गच्या आडभिंती हे सांगू शकत नाहीत. त्या तशा असाव्यात म्हणूनच बनवल्यात.

चिलेहाउसपासून चालत काही मिनिटांवर मेसबेर्गहोफ आहे. तेही १९२२ ते १९२४ मधलंच. आर्किटेक्ट हान्स आणि ऑस्कर गेर्सन हे ज्यू भाऊ. आधी त्याचं नाव होतं बालीनहाउस, हॅम्बुर्गच्या हापाग जहाज कंपनीला जगात मोठं करणाऱ्या आल्बर्ट बालीनवरून. बालीनही ज्यू. १९३८ मध्ये नाझी राजवटीत इमारतीचं नाव बदललं. हान्स त्याआधीच वारला होता. ऑस्करला देश सोडून इंग्लंडमार्गे कॅलिफोर्नियाला जावं लागलं.

तिथल्या भाडेकरूंमध्ये एक कंपनी होती, टेश अँड श्टाबेनो. धंदा जहाजं, गोदामं आणि बराकी यांना विषारी धुरी देऊन किडे-उंदीर मारायचा. बंदराच्या शहरात याहून साधा धंदा नाही. त्यांच्या मालाचं नाव झायक्लोन बी. ही कंपनी तो आउशविट्झलाही पुरवत होती, आणि तिथे त्याने माणसं मारली जात होती. मार्च १९४६ मध्ये हॅम्बुर्गच्याच कुरिओहाउसमध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. मालक ब्रूनो टेश आणि त्याचा कारभारी कार्ल वाइनबाखर यांना माल कशासाठी जातोय हे माहीत होतं, असं न्यायालयाने ठरवलं. १६ मे १९४६ ला दोघांना फाशी दिली.

त्यानंतर इमारतीत पुन्हा नवे भाडेकरू आले, नव्या पाट्या लागल्या. झायक्लोन बी विकणाऱ्या भाडेकरूची आठवण देणारा फलक तिथे लागला तो १९९७ मध्ये. खटल्यानंतर ५१ वर्षांनी. बालीनचं नाव इमारतीला परत मिळालेलं नाही.

मेसबेर्गहोफमधला गोल जिना मात्र जागेवर आहे. खाली उभं राहून वर पाहिलं की मजल्यामागून मजला शंखासारखा फिरत जातो, आणि तो बघायला लोक लांबून येतात. तुम्हीही जा. यू १ ने मेसबेर्ग स्टेशनला उतरायचं, इमारत समोरच आहे. आधी फलक शोधा, मग जिना.