पाच माणसांचा जमाव

दंगलीच्या खटल्यात आरोपीच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं : "साहेब, मी नुसता उभा होतो."

इंग्लंडमध्ये १७१५ साली लागू झालेल्या दंगल कायद्यानं या वाक्याला जागाच ठेवली नव्हती. बारा किंवा अधिक माणसं धुडगूस घालत जमली की दंडाधिकारी जाहीरनामा मोठ्यानं वाचायचा. तासाभरानंतरही जमाव पांगला नाही, तर मागं राहिलेल्यांना देहदंड. खरा न्यायाधीश घड्याळच!

मेकॉलेच्या विधी आयोगानं १८३७ साली मसुदा केलेली आपली दंड संहिता १८६० साली मंजूर झाली. तिच्यात आकडा पाचावर आला. 'बेकायदेशीर जमाव' ही कलम १४१ ची व्याख्या. मेख कलम १४९ मध्ये. समाईक उद्दिष्टापायी जमावातल्या एकानं गुन्हा केला, किंवा तसं घडण्याची शक्यता बाकीच्यांना ठाऊक होती, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा धनी. घाव कुणाच्या काठीचा, हा प्रश्नच मिटला. शिवाय कायदेशीरपणे निघालेली मिरवणूकही वाटेत असा जमाव बनू शकते.

पण खरोखरच नुसता उभा असलेल्याचं काय? आग लागली की अर्धं गाव बघायला धावतं, आणि फिर्यादीत नावं घालताना भाऊबंदकीचे जुने हिशेबही चुकते होतात. १९६४ साली झाशी जिल्ह्यातल्या सामूहिक हत्येचा 'मसालती' खटला सर्वोच्च न्यायालयात आला. निकाल लिहिला सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी, आपल्या साताऱ्याच्या. ते म्हणाले, प्रत्येकानं स्वतः हात उचलला हे सिद्ध करायची गरज नाही. उद्दिष्टात सामील असणं पुरे. मात्र आरोपी आणि बळी पुष्कळ असतील, तिथं त्या त्या आरोपीविरुद्ध दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांची सुसंगत साक्ष असावी, या कसोटीला त्यांनी मान्यता दिली. एरवी पुराव्याच्या कायद्याला एक साक्षीदारही चालतो. कसोटी यांत्रिक आहे, हे त्यांनी मान्यच केलं. अवाजवी म्हणायला मात्र नकार दिला. मला तो निकालाचा सर्वांत शहाणा भाग वाटतो.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. १४१ चं १८९ झालं, १४९ चं १९०. जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून जमावानं केलेल्या खुनासाठी कलम १०३(२) नव्यानं आलं : जमावातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. तिथंही आकडा पाचच आहे.