सपाटीवरचा संग्राम

किल्ला म्हटला की आपली मान आपोआप वर जाते. चिंचवडच्या फलाटावर रविवारी पहाटे पाठीला पिशव्या लावून उभी असलेली मुले लोणावळ्याची लोकल पकडतात, मळवलीला उतरतात आणि लोहगडाची वाट धरतात. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यात लोहगड आहे, याचा आनंद कोणाला नाही? मात्र त्याच चिंचवडपासून तासाभराच्या आत चाकणचा संग्रामदुर्ग आहे. तिथे जायला चढ नाही, आणि बहुधा म्हणूनच कोणी जात नाही. चाकणच्या चौकात मी एका रिक्षावाल्याला किल्ल्याचा रस्ता विचारला, तेव्हा तो म्हणाला, "कुठला किल्ला, सर? शिवनेरीला जायचंय का? मग नाशिक रोडनं सरळ जा."

त्याला दोष द्यावा असे नाही. चाकण आज गाड्यांच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. त्याआधी ते कांद्याच्या बाजारामुळे ओळखले जाई. कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत गावात शिरले की घरांच्या मधोमध तटाचा एखादा तुकडा, ढासळलेला बुरूज, खंदकाची खोलगट जागा दिसते. डोंगरी किल्ल्यावर उभे राहिले की इतिहास एका नजरेत मावल्यासारखा वाटतो. इथे तो शेजारच्या भिंतीआडून तुकड्यातुकड्यांनी शोधावा लागतो.

हे ठाणे शिवकालाहून बरेच जुने. बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने पंधराव्या शतकात कोकणच्या मोहिमांसाठी चाकणलाच आपला तळ केला होता. पुढे निजामशाहीत मालोजीराजे भोसल्यांकडे पुणे-सुप्याबरोबर चाकणही आले. सपाटीवरचा हा कोट इतक्यांना का हवासा वाटावा? कारण वाटा. पुण्याहून जुन्नरकडे, आणि अहमदनगरकडून घाट न चढता पुण्याकडे येणाऱ्या वाटांवर चाकणची नजर होती. कारखानदारांनी ही जागा ज्या कारणासाठी निवडली, ते कारण शाइस्तेखानाला १६६० मध्येच उमगले होते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्या वर्षी ऐन पावसाच्या तोंडावर खान पुण्यात होता. नद्यांना पूर आला की रसद तुटणार. तेव्हा अहमदनगरच्या वाटेवरचे चाकण हाती हवे. २१ जूनला तो किल्ल्याखाली आला. आत किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा.

यापुढचा वृत्तान्त मुख्यतः शत्रूच्या कागदांतून आपल्याला मिळतो. 'आलमगीरनामा' हा औरंगजेबाच्या दरबारी इतिहास, आणि त्याच्या आधारे जदुनाथ सरकारांनी केलेले वर्णन. भर पावसात मोर्चे बांधले गेले, दमदमे उभारून तोफा चढवल्या गेल्या, आणि ईशान्येच्या बुरुजाखाली सुरुंग खणायला सुरुवात झाली. भुईकोटाचे मर्म इथे आहे. डोंगरी किल्ल्याचा पाया म्हणजे सह्याद्रीचा कातळ. तो पोखरणे सोपे नव्हे. भुईकोटाच्या पायाखाली माती असते, आणि माती चिकाटीने खणणाऱ्याच्या बाजूची असते. चौपन्न दिवस खणल्यावर १४ ऑगस्टला सुरुंगाला बत्ती दिली गेली आणि बुरूज माणसांसकट उडाला. मोगल धावून आले, तर आत मातीचा नवा बांध! फिरंगोजींनी तो आधीच घालून ठेवला होता. त्या रात्री मोगल सैन्य बुरुजाच्या ढिगाऱ्यातच पडून राहिले. दुसऱ्या दिवशी तट घेतला गेला, उरलेले लोक बालेकिल्ल्यात हटले, आणि राव भावसिंग हाडा याच्या मध्यस्थीने किल्ला खाली झाला.

आता तारखा जरा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. १६६० च्या त्याच पावसाळ्यात, जुलैच्या मध्यावर, शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. ती लढाई काही प्रहरांची, चाकणची पंचावन्न दिवसांची. पावनखिंड आपल्या कवितेने, कादंबरीने, पाठ्यपुस्तकाने उचलून धरली, आणि ते योग्यच झाले. पण चाकणला मदत का येऊ शकली नाही, याचे उत्तर त्या खिंडीच्याच गोष्टीत आहे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. साहित्याला बलिदान पेलते. दीर्घकाळ टिकून राहून शेवटी शरण जाणे त्याला कुठे ठेवावे ते कळत नाही. खानाने देऊ केलेली मोगलांची चाकरी फिरंगोजींनी नाकारली, असे बखरी सांगतात. पुढे १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला तेव्हाही किल्लेदार तेच होते, आणि मोगलांच्या बाजूला त्या वेळी खुद्द संभाजीराजे होते. ज्याच्या वाट्याला असे दोन किल्ले आले, त्याच्यावर नाटक कोण लिहिणार?

याच्या उलट उदाहरण दूर देशी सापडते. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावर ब्रिमस्टोन हिल नावाचा डोंगरी किल्ला आहे. ज्वालामुखीच्या टेकडीवर तो आफ्रिकी गुलामांच्या श्रमातून उभा राहिला. १७८२ च्या आरंभी फ्रेंचांनी त्याला महिनाभर वेढा घातला आणि इंग्रज शिबंदीला तो खाली करून द्यावा लागला. किल्ला पडला, पण शिबंदीच्या शौर्याचा मान फ्रेंचांनीही राखला. १९९९ पासून तोही जागतिक वारशात आहे. म्हणजे हरलेला किल्लाही सांभाळता येतो! अर्थात तो उंच आहे, त्यावरून समुद्र दिसतो, आणि त्याला गुलामांच्या इतिहासाची साक्ष द्यायची आहे. चाकणच्या तटावरून फार तर शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात.

परतताना पाऊस आला. तटाच्या एका उरलेल्या तुकड्याच्या आडोशाला उभा राहिलो. दगडांच्या फटींतून गवत उगवले होते, आणि त्यामागची माती भिजून सैल झाली होती. मोगलांनी आपले हिशेब चोख ठेवले: २६८ ठार, ६०० जखमी. बुरुजाबरोबर जे उडाले, त्यांचा आकडा आपल्याकडे कोणी लिहून ठेवलेला नाही. जिंकल्यावर खानाने या ठाण्याचे नाव इस्लामाबाद ठेवले होते; ते मात्र रिक्षावाल्यालाच काय, कोणालाच आठवत नाही.