वऱ्हाडांतील धाब्याचें घर

इंग्लंडच्या कित्येक परगण्यांत जुन्या शेतकऱ्याचें घर त्याच्या शेताच्या मधोमध उभें असतें. ओक लांकडाचा सांगाडा, मधल्या जागीं लिंपलेले कूड आणि वर काडाचें उतरतें छप्पर, अशी त्याची घडण. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तींत मोठा पालट झाला. दालनाच्या मध्यभागीं जळणारी चूल भिंतीला लागली व धूर धुराड्यांतून जाऊं लागला. अशीं धुराडीं किती वाढलीं याची नोंद विल्यम हॅरिसन यानें १५७७ सालीं करून ठेविली आहे.

बुलढाणा जिल्ह्यांतील बीबीच्या परिसरांत शेताच्या मधोमध गोठा किंवा खोप दिसेल. जुनें राहतें घर मात्र गांवठाणांतच असावयाचें. चोराचिलटांचें भय होतेंच, पण मुख्य कारण जमिनीचें. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असे जमिनीचे दोन भाग कुणबी मानीत आला. काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा देते. तिजवर उठविलेली भिंत फार दिवस सरळ राहत नाहीं. पांढरी म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या पडक्या भिंती आणि चुलींतली राख यांचा थर. नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत सांकलियांनीं जें उत्खनन केलें, तें अशाच जुन्या वस्तीच्या टेकाडाचें होय.

भिंती याच मातीच्या, दीड-दोन हात रुंद. त्यांत दिव्यासाठीं देवळी. धान्य बळदांत किंवा पेवांत. घराचें माप खणांनीं सांगत. दोन तुळयांमधील जागा तो एक खण. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर निंबाचा किंवा पळसाचा पाला, आणि सर्वांवर दाबून बसविलेली जाड माती, हें धाबें. मराठवाड्यांत यालाच माळवद म्हणतात. मातीचें सपाट छत पावसांत टिकतें कसें, असा प्रश्न शहरांतील माणसास पडणें साहजिक आहे. इंग्लंडांत पाऊस बारमाही, म्हणून तेथें छपरास उतार हवाच. इकडे तो बहुतेक चार महिन्यांचा. पांढरी माती भिजली कीं तिचीं छिद्रें मिटतात आणि वरचें पाणी पन्हळींतून बाहेर पडतें. उरलेले आठ महिने तें छत म्हणजे घराचें दुसरें अंगणच असे. त्यावर कुरडया वाळत, रात्रीं अंथरुणें पडत. धूर जाण्यास छतालाच एक भोंक, त्यास साणें म्हणत. पाऊस आला कीं त्यावर खापर झांकावयाचें. हॅरिसनचें धुराडें इकडे कोणास हवेंसें वाटलें नाहीं, यांत नवल तें काय!

मात्र हें छत दरवर्षीं माणूस मागतें. मृगापूर्वीं वर चढून गवत उपटावें, नवी माती पसरावी, चोपण्यानें ठोकावी. दोन पावसाळे चुकले कीं कड्या कुजूं लागतात. घरचीं माणसें नोकरीस शहरांत गेलीं, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पत्रा व सिमेंटचा स्लॅब खेड्यांत शिरला. वैशाखांत पत्र्याखालीं बसवत नाहीं हें खरें. पण पत्र्याला माती चोपावी लागत नाहीं.

बीबीहून फार दूर नसलेल्या सिंदखेड राजास लखुजी जाधवांचा वाडा पाहावयास लोक आवर्जून येतात. १५९८ मध्यें जिजाबाईंचा जन्म तेथला. कुणब्याच्या घराला असे पाहुणे नाहींत. तें पडलें कीं सागवान विकलें जातें. भिंतींची माती पूर्वीं शेजारच्या नव्या भिंतीला लागे. आतां ती तेथेंच पडून राहते.