मटका: मडक्यातून मोबाईलपर्यंत

आज विषय मटका. हो, तोच. ओपन, क्लोज, जोडी हे शब्द तुम्ही घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐकले असतील.

गंमत म्हणजे याची सुरुवात मडक्यातून नाही, कापसातून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला, कितीला बंद झाला, हे आकडे टेलिप्रिंटरवर मुंबईत यायचे आणि लोक त्यांवर पैसे लावायचे. ओपन-क्लोज आलं ते तिथून. १९६१ साली ते आकडे बंद झाले. धंदा मात्र चालूच राहिला. १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळी मटका काढला, १९६४ मध्ये रतन खत्रीने न्यू वरळी मटका. आता मडक्यातून चिठ्ठी निघायची. पुढे पत्ते आले: तीन पत्ते काढा, बेरीज करा, शेवटचा अंक घ्या. २, ४, ८ म्हणजे १४, आकडा ४.

कापसाच्या भावामागे निदान पाऊसपाणी तरी होतं. मडक्यामागे काय होतं? काहीच नाही. तरी लोक जुन्या आकड्यांचे चार्ट मांडून 'अभ्यास' करायचे!

खरा हिशोब चार्टबाहेर होता. एका आकड्याला रुपयाला ९ रुपये भाव. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर १० जाणार, ९ येणार. एखाद्या रात्री तुम्ही जिंकाल, पण रोज खेळणाऱ्याला हा दहावा रुपया पोखरतो. परळच्या गिरण्यांभोवती बुकी बसायचे ते उगाच नाही. तिथे पगार व्हायचा.

आणि यावर आपल्याकडे उत्तर काय होतं? १८८७ चा जुगारबंदीचा कायदा. म्हणजे धाड, दंड, कोठडी. गिरणी कामगाराच्या घरात रेशनला पैसे उरले नाहीत, तर तो 'बिघडलेला माणूस', विषय संपला. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये १९५७ सालीच जुगाराने पिचलेल्या माणसांनी एकमेकांना आधार द्यायला गॅम्बलर्स ॲनॉनिमस सुरू केलं होतं. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी जुगाराचा नाद आजारांच्या यादीत घेतला, आणि २०१३ मध्ये त्याला दारूच्या व्यसनाशेजारी बसवलं. मला हा बदल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आजार म्हटलं की उपचार आले.

मटक्यात ओपन आणि क्लोजमध्ये निदान काही तास जायचे. फोनवर चेंडूगणिक पैसे लागतात, डोकं थंड व्हायला वेळच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. तरी लिंका फिरतातच. त्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने गप्प बसलेल्या मित्राला हे आवर्जून सांगा.

ओळखायचं कसं? 'गेलेले तेवढे काढतो आणि सोडतो' हे वाक्य ऐकू आलं की समजा. अशा वेळी हप्ते फेडायला नवं लोन ॲप नको. काही दिवस यूपीआय आणि बँकेचा व्यवहार घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे द्या. आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन: फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं.