एएस/४०० वरील फाइलशोध

एएस/४०० वरील फाइलशोध : आयबीएमच्या मध्यम श्रेणीच्या संगणकावर अनेक लायब्रऱ्यांत विखुरलेल्या, ठरावीक प्रकारच्या फाइली हुडकण्याची पद्धत. हा संगणक अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे विकसित झाला व जून १९८८ मध्ये जाहीर झाला. या संगणकाची कार्यप्रणाली २००८ पासून ‘आयबीएम आय’ या नावाने ओळखली जाते.

येथील लायब्ररी फोल्डरसारखी एकात एक बसत नाही. इतर लायब्रऱ्या सामावून घेणारी क्यूसिस ही एकटीच. बाकीच्या साऱ्या एका पातळीवर असतात. नाव दहा अक्षरांच्या आत ठेवावे लागते आणि एकाच नावाची फाइल चाचणीच्या व प्रत्यक्ष कामाच्या लायब्ररीत सुखाने नांदते. त्यामुळे नुसत्या नावावरून केलेला शोध फसवा ठरतो.

खरी अडचण प्रकाराची. ‘*फाइल’ या एकाच वस्तुप्रकारात विदा, प्रोग्रॅमचा मूळ मजकूर (सोर्स), पडद्याचे आराखडे, छपाईचे आराखडे आणि बॅकअपच्या सेव्ह फाइली असे सगळेच येते. डीएसपीओबीजेडी हा जुना हुकूम ‘*ऑलयूएसआर’ देऊन चालवला, की वापरकर्त्यांच्या लायब्रऱ्यांतील फाइलींची यादी एका फाइलीत उतरवता येते. ती क्यूटेम्प या तात्पुरत्या लायब्ररीत ठेवणे बरे, कारण जॉब संपताच ती आपोआप नाहीशी होते. मात्र या यादीत सोर्स व विदा या दोन्ही फाइलींपुढे ‘पीएफ’ (फिजिकल फाइल) एवढेच गुणलक्षण दिसते. त्यांतला फरक डीएसपीएफडी हुकूम दाखवतो. एसक्यूएल येत असेल तर क्यूसिस२ लायब्ररीतील सिसटेबल्स ही सूची त्याहून सोयीची: तिच्या ‘फाइल_टाइप’ स्तंभात सोर्ससाठी ‘एस’ व विदेसाठी ‘डी’ असते. पडद्याच्या, छपाईच्या किंवा सेव्ह फाइली मात्र तिथे शोधू नयेत; त्या या सूचीत नसतातच. त्यांच्यासाठी ऑब्जेक्ट_स्टॅटिस्टिक्स हे फलन वापरून गुणलक्षणावर गाळणी लावावी.

अधिकार नसलेल्या लायब्रऱ्यांतील फाइली यादीतून गळू शकतात. पूर्ण गणती हवी असल्यास शोध ‘*ऑलओबीजे’ अधिकार असलेल्या खात्यावरूनच चालवावा.